पात्यावरची नखाएवढी खाच

सेसना १७२सारख्या छोट्या विमानाचा प्रोपेलर म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, घडाई केलेला, सुमारे ७६ इंच लांबीचा एकसंध तुकडा. मिनिटाला २७०० फेऱ्यांवर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २७० मीटरच्या पुढे जातो. टोकाजवळचा १० ग्रॅम धातू जागेवर धरून ठेवायला जवळपास ७९ किलो वजनाइतकी ओढ लागते. निरोगी पातं ती आरामात पेलतं. त्याला पुरून उरतं ते कंपन.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात आणि प्रत्येक धक्क्याला पाती किंचित लवतात. २४०० फेऱ्यांवर असे धक्के सेकंदाला ८०. म्हणजे २००० तासांच्या उड्डाणात ५७ कोटींहून अधिक. पोलादाच्या बाबतीत ताण ठरावीक पातळीखाली राहिला, तर कितीही आवर्तनं झाली तरी सहसा तडा जात नाही. अॅल्युमिनियमला अशी पक्की लक्ष्मणरेषा नाही.

त्यात भर पडते खाचेची. उदाहरणार्थ, इंदूर माळव्याच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेलं. तिथली गिट्टी कठीण आणि धारदार. विमान उभं ठेवून इंजिन जोरात फिरवलं, की प्रोपेलरखालचा हवेचा भोवरा असे खडे उचलतो आणि ते पात्याच्या पुढच्या कडेवर आदळतात. खाच १ मिलिमीटर खोल आणि तळाशी टोकदार, समजा ०.१ मिलिमीटर त्रिज्येची असेल, तर ढोबळ गणिताने तिच्या तळाशी ताण सातपट होतो. तीच खोली ठेवून तळाची त्रिज्या १० मिलिमीटर केली, तर दीडपटीच्या थोडा वर. म्हणून कानस मारून धातू कमी केल्याने पातं उलट टिकतं. ऐकायला विचित्र, पण खरं.

काम अधिकृत मेकॅनिकचंच. गोल कानशीने खाचेच्या तळाखालपर्यंत जायचं, खोलीच्या किमान दहापट लांबीचा उथळ उतार करायचा, मग बारीक पॉलिश पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा. आडवे ओरखडे म्हणजे नव्या खाचाच. शेवटी भिंगाने किंवा डाय पेनिट्रंटने (फटीत शिरून तडा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तडा तपासायचा आणि रुंदी-जाडी निर्मात्याच्या मर्यादेत उरली का, ते मोजायचं. खाच पुट्टी किंवा रंगाने बुजवणं मात्र निव्वळ फसवणूक आहे, कारण तडा आत वाढतच राहतो.

वैमानिकाने उड्डाणापूर्वी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद करून, किल्ली काढून, पुढच्या कडेवरून नख फिरवावं. नख अडकलं, तर विमान उडवायचं नाही. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा टॅकोमीटरही अधूनमधून पडताळायला हवा. काही इंजिन-प्रोपेलर जोड्यांत ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात सलग चालवायला मनाई असते, कारण तिथे कंपन फार वाढतं. काटा चुकत असेल, तर वैमानिक नकळत त्याच पट्ट्यात तासन्‌तास उडतो.

टोकाचे काही इंच जरी उडाले, तरी असमतोलाने इंजिन माउंटवरून, म्हणजे ते बसवलेल्या चौकटीवरून, उखडू शकतं. अशा वेळी थ्रॉटल लगेच मागे, इंजिन बंद, वेग कमी आणि तरंगत उतरायची तयारी.

तुटलेल्या पृष्ठावर खाचेपासून निघालेल्या, किनाऱ्यावरच्या लाटांच्या खुणांसारख्या वक्र रेषा दिसतात. शेवटी एका दमात तुटलेला भाग खडबडीत असतो. दोन्ही तुकडे हाती आले, तरी ते एकमेकांना जुळवून पाहू नयेत. घासले, की तपासाला हव्या असलेल्या नेमक्या त्याच रेषा पुसल्या जातात.