पीआर म्हणजे भानगडी झाकणं नव्हे

बडोद्यात, दांडिया बाजारच्या मराठी घरांत मुलगी पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, जायचं म्हणाली की आजही ऐकू येतं, ‘म्हणजे कंपनीच्या भानगडी झाकायच्या!’ हा समज साफ चुकीचा आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाची घडामोड दडपता येत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेच्या २०१५ च्या नियमावलीतला नियम ३० हेच सांगतो. कारखान्याला मोठी आग लागली, तर जनसंपर्क अधिकारी आधी सुरक्षा विभागाकडून पक्की माहिती घेते, मजकुरातला ‘किरकोळ’ हा शब्द खोडते. मग कंपनीच्या कायदेशीर बाबी पाहणारे कंपनी सचिव शेअर बाजाराला कळवतात. पत्रकारांना निवेदन त्यानंतरच. सर्वांत मोठ्या २५० कंपन्यांना तर शेअरचा भाव हलवणाऱ्या अफवेवरही २४ तासांत खुलासा द्यावा लागतो. साहेबांना ‘हे लपवू नका’ असं तोंडावर सांगणं, हे या नोकरीतलं खरं कठीण काम.