कोकण रेल्वेचे वाढीव किलोमीटर : पार्श्वभूमी

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने मे 2025 मध्ये संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचा होकार त्याआधीच आला होता. चर्चा लगेच नव्या गाड्यांकडे आणि दुपदरीकरणाकडे वळली. पण हा मार्ग बांधायला लागलेला पैसा कोणाच्या खिशातून वसूल झाला, हा प्रश्न त्यात मागे पडला. विलीनीकरणाची पाळी का आली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात त्या प्रश्नापासूनच करावी लागते.

दिव्याहून निघालेला रूळ 1986 मध्ये रोह्याला पोहोचला आणि तिथेच अडकला. पुढचा मार्ग सह्याद्रीच्या कुशीतून, खाड्या आणि डोंगर ओलांडत जाणार होता. नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून एवढा पैसा मिळणे अवघड दिसत होते. म्हणून 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ काढले गेले. केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. भागभांडवल पुरेसे नव्हतेच. उरलेली मोठी रक्कम रोखे काढून बाजारातून उभी केली. मार्ग बांधायचा, चालवायचा, उत्पन्नातून कर्ज फेडायचे आणि मग तो भारतीय रेल्वेच्या हवाली करायचा, अशी मूळ योजना होती. म्हणजे विलीनीकरण ही आजची कल्पना नाही, ते पहिल्या कागदावरच होते.

गोव्यातल्या मार्गावरून वाद पेटला आणि काम रखडले. पेडण्याच्या बोगद्यात माती उभी राहीना. काम थांबले तरी रोख्यांवरचे व्याज थांबत नाही. 26 जानेवारी 1998 ला रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला, तेव्हा खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात गेला होता.

हा खर्च भरून काढण्यासाठी घेतलेला एक निर्णय आजही तिकिटावर छापून येतो. कोकण रेल्वेच्या हद्दीतले अंतर प्रवासी भाड्यासाठी 40 टक्के वाढवून धरले जाते. मालवाहतुकीसाठी वाढ याहूनही जास्त. रोहा ते रत्नागिरी रुळावरचे अंतर सुमारे 203 किलोमीटर, भाड्याच्या हिशेबात ते 284 च्या आसपास जाते. कुडाळ रोह्यापासून 341 वर आहे, भाडे मात्र 477 किलोमीटरचे. मुंबई ते रोहा या टप्प्यात अंतर खरे, पुढे वाढीव. त्यामुळे तिकिटावरचा आकडा रुळाशेजारच्या दगडांशी कधीच जुळत नाही. डोंगरी मार्गांवर असे करण्याची पद्धत रेल्वेत जुनीच आहे, तेव्हा निर्णयात बेकायदा काही नव्हते. शिवाय अंतर वाढते तसा एक्स्प्रेसच्या भाड्याचा प्रतिकिलोमीटर दर उतरत जातो, त्यामुळे 40 टक्के जास्त अंतर म्हणजे 40 टक्के जास्त भाडे असेही नाही. महामंडळाची बाजू एवढी मांडता येते.

दुसरी बाजू मात्र अधिक वजनदार आहे. या मार्गाने मुंबई ते मंगळूरचा रेल्वेप्रवास 1,127 किलोमीटरने कमी झाला, मुंबई ते कोचीचा 513 ने. इतके अंतर वाचल्यावर वाढीव किलोमीटर धरूनही दूरच्या प्रवाशाला फायदाच राहतो. रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या माणसाला तुलना करायला जुना रेल्वेमार्गच नव्हता. त्याच्यापुढे पर्याय एसटीचा किंवा खासगी बसचा. तो पूर्ण अधिभार भरतो आणि केरळच्या जलद गाड्या त्याच्या स्टेशनावर न थांबता निघून जातात. थांब्यांसाठीची आंदोलने आणि गणपतीतल्या आरक्षणावरची दरवर्षीची बोंब यांच्या मागे हाच असमतोल आहे. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन 2015 मध्ये झाले, त्याचे पुढे काय झाले ते सिंधुदुर्गात कोणालाही विचारावे.

कर्जाचे काय झाले? अपेक्षेएवढी मालवाहतूक आली नाही. कोकणात खाण किंवा पोलादाचे मोठे उद्योग नव्हते आणि हापूसच्या पेट्या ट्रकनेच जात राहिल्या. 1999 मध्ये रायगडातले कोलाड ते गोव्यातले वेर्णा रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक वाघिणींवर चढवायचे आणि आपल्याच प्रतिस्पर्ध्याला भाड्याने वाहून न्यायचे, ही युक्ती चालली आणि टिकली. पण कर्ज फिटण्याएवढे उत्पन्न त्यातून येणे शक्य नव्हते. शेवटी केंद्राकडून घेतलेल्या कर्जाचे रूपांतर प्रेफरन्स शेअरमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या भागभांडवलात, झाले. वहीतला बोजा हलका झाला, तिकिटावरचे किलोमीटर होते तेवढेच राहिले. या क्रमाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते मूळ मुद्दा तोच आहे.

खर्चाचा आणखी एक तोंडवळा पावसाळ्यात दिसतो. जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ दरडींमुळे अपघात झाले, मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर उतार कापणे, जाळ्या बसवणे, गस्त घालणे यांवर सतत पैसा जाऊ लागला. दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लागते, मुसळधार पावसात वेग ताशी 40 किलोमीटरवर आणला जातो. तेच डबे, तेच इंजिन, पण फेरीला तास जास्त, म्हणून उत्पन्न कमी.

एकेरी मार्गावर गाडी क्रॉसिंगला उभी राहिली की प्रवासी वैतागतो, पण दुपदरीकरणाला पैसा आणायचा कुठून? रेल्वेच्या इतर विभागांना केंद्राच्या अर्थसंकल्पातून थेट तरतूद मिळते, महामंडळाला तशी मिळत नाही. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला. पूर्ण मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये संपले, त्यामुळे डिझेलचा खर्च वाचला. त्यापलीकडे झेप घेण्याएवढी ऐपत महामंडळाकडे उरली नाही, आणि विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांचे मुख्य म्हणणे हेच आहे.

महाराष्ट्राने संमती देताना दोन अटी घातल्या. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवावे आणि राज्याने घातलेले सुमारे 395 कोटी रुपये केंद्राने परत करावेत. राज्याच्या तिजोरीचा हिशेब त्यात आला. 1998 पासून जास्तीचे किलोमीटर मोजणाऱ्या प्रवाशाच्या भाड्याबद्दल त्या दोन अटींत काही नाही.