फेड आणि ड्रॉ (गोल्फ)

गोल्फच्या चेंडूला हवेत मुद्दाम दिलेले सौम्य वळण. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू लक्ष्याच्या डावीकडून निघून उजवीकडे झुकत आला तर तो फेड. उजवीकडून निघून डावीकडे वळला तर ड्रॉ. क्रिकेट पाहणाऱ्याने असे लक्षात ठेवावे : उजव्या फलंदाजाच्या हिशेबाने फेड ऑफला वळतो, ड्रॉ लेगला. डावखुऱ्यांचे सगळे उलटे. हीच वळणे हाताबाहेर गेली की त्यांना अनुक्रमे स्लाइस आणि हुक म्हणतात. स्लाइस शिकावा लागत नाही, तो नवशिक्याला आपोआपच येतो.

कलकत्त्यात १८२९ साली क्लब निघाला तेव्हापासून गोल्फ भारतात आहे; पण विदर्भात तो छावणी आणि शहर सोडून फारसा बाहेर पडला नाही. तरी वळणाचा फटका शिकायला अठरा होलांचे मैदान लागत नाही. पऱ्हाटी (कपाशी) उपटलेले मोकळे वावर पुरते. किंबहुना काही बाबतींत गवतापेक्षा तेच बरे.

चेंडू वळतो तो फिरकीमुळे. क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठीचे, तोंड मागे कललेले असल्याने चेंडू मागच्या बाजूला गरगरत निघतो आणि हवा त्याला वर उचलते. या गरगरण्याचा आस आडवा असेल तर चेंडू सरळ जातो. आस एका बाजूला कलला की उचलही त्या बाजूला कलते. चेंडूला ‘मागची’ आणि ‘बाजूची’ अशा दोन फिरक्या असतात हा समज चुकीचा आहे. फिरकी एकच, तिचा आस तिरका. फिरत्या वस्तूवर हवेचा असा रेटा येतो हे जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी १८५२ मध्ये दाखवले, आणि १८९० च्या दशकात एडिंबराचे पी. जी. टेट यांनी ते गोल्फच्या चेंडूला लावून पाहिले. खापरखेड्याजवळच्या वलनीतून आलेल्या उमेश यादवचा आउटस्विंग मात्र या जातीचा नव्हे. तो शिवणीमुळे होतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच बाजूला सरकतो, तो फेडचा खरा भाऊबंद.

आस तिरका होतो तो क्लबचे तोंड एकीकडे आणि क्लबचा मार्ग (फटक्याच्या वेळी तो फिरतो ती दिशा) दुसरीकडे असला म्हणजे. इथेच जुनी शिकवण फसवते. ‘पाय जिकडे तिकडे चेंडू निघतो, आणि क्लबचे तोंड जिकडे तिकडे तो शेवटी पोचतो’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. रडारने चेंडूचे मोजमाप होऊ लागल्यावर उलटेच निघाले : चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरला (लांब फटक्याचा क्लब) तोंडाचा वाटा सुमारे ८५ टक्के, आयर्नला (धातूच्या पातळ तोंडाचा क्लब) ७५ च्या आसपास. समजा धुऱ्यावर बाभूळ आहे आणि लक्ष्य तिच्या बरोबर मागे आहे. जुन्या नियमाने तोंड लक्ष्यावर ठेवाल तर चेंडू थेट बाभळीवर आदळेल. तोंड बाभळीच्या बाहेरच हवे, आणि मार्ग त्याहूनही बाहेर. फेडसाठी तोंड लक्ष्याच्या २ अंश डावीकडे आणि मार्ग ४ अंश डावीकडे, हे प्रमाण सुरुवातीला पुष्कळ झाले. १५० मीटरवर २ अंश म्हणजे जेमतेम ५ मीटर. ड्रॉला हेच आकडे उजवीकडे.

वावरात सराव करताना पऱ्हाटीचे एक तास (ओळ) दूरच्या झाडाकडे रोखलेले निवडावे. ती लक्ष्याची रेषा. त्याच रेषेवर पाचसहा पावलांवर एक सरळ पऱ्हाटी उभी रोवावी. दुसरी पायांच्या चवड्यांसमोर आडवी टाकावी आणि फेडसाठी तिचे टोक किंचित डावीकडे वळवावे. पाय, कंबर, खांदे तिला समांतर. चेंडू उभ्या काडीच्या डावीकडून निघून पुढे तासावर परत यायला हवा. तोंड वळवायचे ते पकड घेण्याआधी. आधी पकड घेऊन मग मनगट मुरडले, तर ऐन फटक्याला हात आपल्या मूळ जागी येतात आणि मेहनत वाया जाते. मातीचा खरा उपयोग पुढे आहे : चेंडूच्या पुढे क्लबचा जो ओरखडा उठतो, तो मार्गाची दिशा गवतापेक्षा स्पष्ट सांगतो. मात्र ढेकळांत क्लब रुततो आणि मुरमात त्याचे तोंड खराब होते, म्हणून खळ्यासारखी ठोकलेली काळी जमीन आणि जुनी सात नंबरची आयर्न बरी. अलीकडे-पलीकडे गुरे किंवा निंदणारे मजूर असतील तर क्लब उचलूच नये.

ओरखडा बरोबर असूनही चेंडू भलतीकडे वळला, तर क्लबच्या तोंडावर खडू फासून चेंडू कुठे लागतो ते पाहावे. ड्रायव्हरच्या टोकाकडे लागलेला चेंडू ड्रॉकडे झुकतो, टाचेकडे लागलेला फेडकडे. या एका कारणाने कित्येक जण चांगला स्विंग विनाकारण बदलत बसतात.

आधी कोणते शिकावे? फेड, असे प्रस्तुत नोंदीचे मत. तो उंच जातो, उतरल्यावर लवकर थांबतो आणि चुकला तरी फार दूर धावत नाही. हुकने हैराण झालेल्या अमेरिकेच्या बेन होगनने फेड पक्का केला आणि १९५३ मध्ये तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. उलट उदाहरणही आहे : दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकने उजवीकडून डावीकडे येणाऱ्या फटक्यांवर चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली.

जागेप्रमाणे वळणही बदलते. ४५ अंशांच्या उन्हात हवा १५ अंशांच्या मानाने जवळपास दहाव्या भागाने विरळ असते. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यालाही, तापमान सारखे धरले तर, समुद्रसपाटीच्या तुलनेत त्याहून थोडी जास्त, सुमारे आठव्या भागाइतकी घट होते. विरळ हवेत चेंडू लांब जातो, पण वळतो कमी. उतारावर चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो ड्रॉकडे ओढतो, खाली असेल तर फेडकडे. वैशाखातल्या तडकलेल्या जमिनीवर ड्रॉ घरंगळत राहतो. पावसाळ्यात तोच काळ्या मातीत रुतून बसतो. शिवाय चेंडूच्या उजव्या बाजूला चिखल चिकटला असेल तर तो सहसा डावीकडे जातो, डाव्या बाजूला असेल तर उजवीकडे. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पोचेपर्यंत तो चिखल पुसायला एरवी नियमाची मुभा नाही, तेव्हा नेम धरतानाच त्याचा हिशेब करावा लागतो.