काहीही न करता वाढणारे गुण

निकालाचे दिवस आले की पेपरातून पत्रकं गळू लागतात: ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेट करा, नापास मूल पहिल्या पाचात!’ खाली समाधानी पालकांचे अभिप्राय. मध्यमस्तिष्क बंद पडलेलं मूल वर्गात नाही, अतिदक्षता विभागात असेल, त्यामुळे दाव्याबद्दल बोलायलाच नको. अभिप्राय मात्र बरेचदा खरे असतात. गुण खरंच वाढलेले असतात.

परीक्षेच्या गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुलाला जे येतं ते, आणि त्या दिवशीचा योग. म्हणजे ताप, जागरण, नेमका न वाचलेला धडा. एका चाचणीत तळाला गेलेली मुलं निवडली की त्यांत कच्ची मुलं येतातच, पण योग वाईट लागलेलीही गोळा होतात. पुढच्या चाचणीत योग नव्याने ठरतो. समजा, दोन्ही वेळा वर्गाची सरासरी ५०, गुणांचा पसारा सारखा आणि दोन चाचण्यांमधला सहसंबंध ०.७ (म्हणजे पहिल्या वेळी सरासरीपासून जितकं अंतर, त्याचा सरासरीने ०.७ इतकाच भाग पुढच्या वेळी टिकतो). ज्यांना २० गुण पडले ती मुलं सरासरीच्या ३० खाली आहेत. पुढच्या वेळी ती ३० × ०.७, म्हणजे २१ खाली अपेक्षित. त्यांची सरासरी आली २९. नऊ गुण वाढले आणि कुणी काडीही हलवली नाही! याच हिशेबाने वरची मुलं खाली घसरतात आणि घरात मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हाच प्रकार दाखवला होता. याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

म्हणूनच मागे पडलेल्या मुलांसाठीची कुठलीही योजना तपासायची, तर शेजारी तशीच पण योजना न मिळालेली मुलं हवीत. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि बडोद्यात हेच झालं. बडोद्यात कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कुठल्या शाळेत चौथीला, हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं; त्यामुळे बालसखी मिळालेल्या तिसरीची तुलना न मिळालेल्या तिसरीशी करता आली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी. ती १५-२० कच्च्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून वाचन आणि अंकगणिताच्या पायापासून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली निकाल छापले: दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी मिळालेल्या आणि न मिळालेल्या वर्गांच्या सरासरीत फरक ०.२८ प्रमाण विचलन (गुणांचा पसारा मोजायचं एकक). म्हणजे शंभर जणांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल सुमारे ११ जागा पुढे.

मला त्यातला दुसराच निष्कर्ष जास्त आवडतो. कच्ची मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. तेव्हा नुसता पट कमी करा म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. तळाच्या मुलांना फायदा झाला तो त्यांना जिथपर्यंत येत होतं तिथून कुणी शिकवायला लागल्यामुळे.

कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा मोजलं, तेव्हा बालसखीकडे बसलेल्या मुलांमध्ये फायदा जेमतेम ०.१ प्रमाण विचलन उरला होता.