जीवाणूंना होणारी लागण

पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेल हा संशोधक आमांशाच्या रुग्णांवर काम करत होता. एका सैनिकाची विष्ठा तो रोज तपासायचा. ती द्रवात कालवायची, जीवाणूही अडकतील इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायची आणि खाली उतरलेले थेंब आमांशाच्या जीवाणूंनी गढूळ झालेल्या नळीत टाकायचे. बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी नळीतला द्रव नितळ झालेला दिसला. पाण्यात साखर विरघळावी तसे सगळे जीवाणू रातोरात विरघळून गेले होते. देरेल तडक इस्पितळात गेला. त्याच रात्री रुग्णालाही उतार पडायला लागला होता.

गाळणीतून निसटलेल्या त्या अदृश्य गोष्टीला देरेलने १९१७ मध्ये नाव दिलं बॅक्टेरियोफेज, म्हणजे जीवाणूभक्षक; थोडक्यात फेज. (फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने असाच प्रकार १९१५ मध्ये नोंदवला होता, त्यामुळे शोधाचं श्रेय दोघांनाही दिलं जातं.) या हकिकतीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक साधा तपशील: देरेलचे फेज माणसाच्या आतड्यातून आले होते. पुढची कित्येक दशकं मात्र फेजचा अभ्यास बहुतांशी प्रयोगशाळेतल्या नळ्यांमध्येच झाला. धडधाकट माणसाच्या पोटात ते काय करतात, हा प्रश्न मागेच पडला.

भक्षक हे नाव तसं फसवं आहे, कारण फेज काहीच खात नाही. तो विषाणू आहे. प्रथिनांचं कवच आणि आत जनुकांचा धागा, एवढाच त्याचा संसार. टी-४ हा फेज सुमारे २०० नॅनोमीटर लांब, म्हणजे ज्या ई. कोलाय जीवाणूला तो गाठतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. पायांसारख्या तंतूंनी तो जीवाणूचा पृष्ठभाग चाचपत राहतो. ओळखीचा रेणू हाताला लागला की शेपटीचं आवरण आखडतं, आतली ताठ नळी भिंतीत घुसते आणि डीएनए आत उतरतो. रिकामं कवच बाहेरच चिकटून राहतं. अर्ध्या तासाच्या आसपास जीवाणू फुटतो आणि शंभराहून अधिक नवे फेज बाहेर पडतात.

सगळं काही त्या चाचपण्यावर ठरतं. ठरावीक रेणू सापडला नाही तर फेजचं पुढे पाऊलच पडत नाही. म्हणून एका जातीच्या जीवाणूचा फेज शेजारच्या जातीला सहसा धक्का लावत नाही, आणि आपल्या पेशींमध्ये तर त्याला वाढताच येत नाही. विषाणू हा शब्द ऐकून जी भीती वाटते, तिला इथे थेट कारण नाही. फेजचा आपल्याशी जो काही संबंध येतो, तो जीवाणूंमार्फत.

आणि तो संबंध बराच गुंतागुंतीचा आहे, कारण प्रत्येक फेज लगेच मारायला उठत नाही. १९२२ मध्ये एका माणसाच्या विष्ठेतून के-१२ नावाचा ई. कोलायचा वाण वेगळा केला गेला. तो वर्षानुवर्षं प्रयोगशाळांमध्ये वाढवला जात होता. त्याच्या डीएनएमध्ये एक विषाणू गुपचूप बसलेला आहे, हे एस्थर लेडरबर्ग यांच्या लक्षात आलं ते १९५०च्या सुमारास. त्या विषाणूचं नाव लँबडा. असा फेज आपला धागा जीवाणूच्या धाग्यात शिवून टाकतो. जीवाणूची दोन शकलं झाली की त्याच्याही दोन प्रती होतात, काही न करता. जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की मात्र तो जागा होतो, आपल्या प्रती काढतो आणि घर फोडून बाहेर पडतो. आपल्या आतड्यातल्या असंख्य जीवाणूंमध्ये असे झोपलेले फेज आहेत.

घरात राहणारा हा पाहुणा कधी कधी सोबत हत्यारही आणतो. कॉलऱ्याच्या जीवाणूचं जुलाब घडवणारं विष मुळात एका फेजच्या जनुकांतून तयार होतं, हे १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकलानोस यांनी दाखवलं. घटसर्पाचं विषही फेजचंच. ई. कोलायच्या ओ-१५७ या घातक प्रकारात तर विषाचं जनुक झोपलेल्या फेजकडे असतं. काही प्रतिजैविकं त्याला जागं करतात आणि विष आणखी सुटतं. म्हणून या आजारात डॉक्टर प्रतिजैविकं देणं सहसा टाळतात.

हे फेज आपल्यात येतात कुठून? नवजात बाळाच्या पहिल्या शीमध्ये विषाणू जवळपास नसतात. महिन्याभरात मात्र त्याच बाळाच्या एक ग्रॅम शीमध्ये त्यांची संख्या शंभर कोटींच्या घरात जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं, की यातले बरेचसे फेज बाळाच्या पोटात सर्वांत आधी मुक्कामाला आलेल्या जीवाणूंच्या पोटातूनच आलेले असतात. आधी जीवाणू येतो, मग त्याच्यात झोपलेला फेज उठतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

एवढी मोठी वस्ती इतकी वर्षं दिसली कशी नाही? फेज वाढवायचा तर आधी त्याचा जीवाणू वाढवावा लागतो, आणि आतड्यातल्या अनेक जीवाणूंना प्राणवायूच सोसत नाही. वाट सापडली ती डीएनएच्या वाचनातून. २०१४ मध्ये बास दुतिल, रॉबर्ट एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १२ जणांच्या विष्ठेतल्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे संगणकावर जुळवले, तेव्हा सुमारे ९७ हजार अक्षरांचा एक अखंड धागा तयार झाला. कोणत्याही ज्ञात विषाणूशी न जुळणारा. जुळणीच्या संगणक प्रणालीवरून त्याला क्रॅसफेज म्हणतात. जगभरच्या जुन्या नमुन्यांत शोधल्यावर तो जिकडेतिकडे निघाला. कोट्यवधी माणसांच्या पोटात असलेला हा विषाणू तोवर कुणीच पाहिला नव्हता. २०२१ मध्ये माणसाच्या आतड्यातल्या फेजची यादी १,४२,८०९ धाग्यांपर्यंत गेली.

क्रॅसफेजच्या कुळातला एक फेज २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे पहिल्यांदा नळीत वाढवला गेला, बॅक्टेरॉइड्स इंटेस्टिनॅलिस या जीवाणूवर. देरेलच्या नळीसारखी ही नळी नितळ होईल असं कुणालाही वाटलं असतं. ती गढूळच राहिली. हा फेज डीएनएमध्ये शिवूनही घेत नाही, तरी जीवाणू वाढत राहिले आणि त्यांच्यासोबत फेजही. नंतर उलगडलं, की हा जीवाणू आपल्या अंगावरचं शर्करेचं आवरण सतत बदलत असतो. काहींच्या अंगावर फेजला चिकटता येईल असं आवरण असतं, काहींच्या नसतं, आणि पुढच्या पिढ्यांत ही अदलाबदल चालूच राहते. फेजला दर वेळी कुणीतरी सापडतं, सगळे कधीच सापडत नाहीत.