तलावाकाठी शेजारी बांधकाम करतोय? हरकत कुठे, कशी आणि कोणत्या कागदांनी

तलावाला लागून असलेल्या प्लॉटवर शेजाऱ्याने दुमजली घराचा नकाशा टाकला, सांडपाण्याची लाईनही फिरवायची म्हणतो, आणि गल्लीत दोन तट पडले. जळगावचा मेहरूण असो, धुळ्याचा नकाणे असो की गावचा पाझर तलाव, पहिली तक्रार ठरलेली: आम्हाला नोटीस का आली नाही?

कारण ती येतच नाही. साध्या बांधकाम परवानगीत शेजाऱ्यांच्या हरकती मागवत नाहीत. नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली अर्ज होतो, कलम 45 खाली निर्णय. कलम 47 चं अपीलही फक्त अर्जदारालाच. जाहीर हरकती मागवतात त्या झोन किंवा आराखडा बदलताना (कलम 37). तिथे सूचनेनंतर एक महिना मिळतो.

म्हणून नोटिशीची वाट न बघता स्वतःहून लेखी हरकत द्या, आणि लवकर द्या. कलम 51 खाली दिलेली परवानगी सुनावणी घेऊन रद्द करता येते किंवा बदलता येते, पण काम बरंच पुढे गेल्यावर नाही. जोत्याच्या आत दिलेला अर्ज आणि स्लॅबनंतरचा अर्ज यात जमीन-अस्मानाचा फरक. महापालिका हद्दीत अर्जदाराने खोटी माहिती देऊन परवानगी घेतली असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम 258 खाली आयुक्तांना ती रद्द करता येते. हा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही.

अर्ज कोण करू शकतो, कुठे करायचा

कोणीही रहिवासी, भाडेकरूसुद्धा. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचा नगररचना विभाग, गावठाणात ग्रामपंचायत, त्याबाहेर महसूल कार्यालय. आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सोबत जोडा: तुमचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक (भाडेकरू असाल तर भाडेकरार), ओळखपत्र, गट नंबर दाखवणारा नकाशा, तारखेचे फोटो. मंजूर नकाशा हातात नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्या माहिती अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर साधारण 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर येईपर्यंत हरकत अडवून ठेवू नका, ती आधी द्या आणि नंतर पुरवणी जोडा. तलावाची हद्दच वादात असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते, त्यामुळे नंतर 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे चालत नाही.

मुद्दे कोणते मांडावेत

'आमचा तलाव दिसणार नाही' आणि 'यांनी वीस वर्षांपूर्वी बांध कोरला' या दोन्हींवर अधिकारी पान उलटतो. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं), पूररेषा (पुराचं पाणी जिथवर येतं ती रेषा), सांडपाणी यांवर तो थांबतो. सांडपाण्याचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात भारी पडतो. तापीखोऱ्याच्या काळ्या मातीत शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत जिरवायचा खड्डा) पाणी शोषतच नाही. पावसाळ्यात खड्डा भरतो आणि मैला उताराने, म्हणजे तलावाकडेच, निघतो. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान 18 मीटर लांब हवा असा दंडक आहे. तुमची विहीर किंवा बोअर किती अंतरावर आहे ते टेप लावून मोजा आणि तो आकडा अर्जात लिहा. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी तलावात सोडणं हा जल अधिनियम, 1974 च्या कलम 24 चा भंग. त्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळी करावी.

एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर 'तलावापासून 50 मीटर बांधकाम बंद' असं फिरतं. ते पाणथळ जागांच्या संरक्षणाच्या नियम, 2017 मधलं आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत. खानदेशातले बरेच तलाव बांध घालून केलेले, तेव्हा आपला तलाव कशासाठी बांधला हे आधी तपासा. सगळी हरकत त्या 50 मीटरवर उभी केली तर ती पहिल्याच सुनावणीत कोसळेल.

दाद लागली नाही तर

घाण वाहायला लागली असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. प्रश्न तलावाच्या पर्यावरणाचा असेल तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण आहे. तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. वाट, उजेड, मालकी हक्क यांचं भांडण मात्र दिवाणी न्यायालयातच जातं, तिथे नगररचना विभागाला ओढून उपयोग नाही.