ओठ-टाळू दुभंगलेल्या बाळाची मोफत शस्त्रक्रिया: कुठं जायचं, कागद कोणते

'कापूस विकू दे, पैसा आला की नेऊ बाळाले.' विदर्भातल्या खेड्यांत हे ऐकलं की जीव तुटतो, कारण या ऑपरेशनला घरचा पैसा लागत नाही. थांबायचं ते बाळाच्या वजनासाठी. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांनंतर, वजन पाच किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन 10 झालं की करतात. टाळूची, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताची, वर्षाच्या सुमारास.

तोवर बाळाला उभं धरून, आईचं दूध पिळून वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजा. मध्ये थांबून ढेकर काढा. नुसती टाळू फाटलेली असेल तर बाहेरून दिसत नाही, पण दूध नाकातून येतं. आशाताई घरी आली की बाळाचं तोंड उघडून दाखवा. आणि ग्रहणात विळी धरली म्हणून असं झालं, हे सुनेला कोणी ऐकवू नका. ते खरं नाही.

पात्रता सोपी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात. अंगणवाडीतल्या मुलांना तपासणारं पथक चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवतं. स्माईल ट्रेन ही संस्थाही भागीदार रुग्णालयांमार्फत हीच शस्त्रक्रिया मोफत करून देते. जवळचं रुग्णालय कोणतं, हे पथकाच्या डॉक्टरांना विचारा.

इतर जन्मजात आजारांसाठी धर्मादाय रुग्णालयं आहेत. त्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल तर मोफत, 3,60,000 पर्यंत सवलत. तिथल्या समाजसेवकाला भेटून अर्ज द्या. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.

सोबत न्या: पथकाची चिठ्ठी, माता-बाल संरक्षण कार्ड, रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला. बहुतेकांचं अडतं ते या शेवटच्या कागदापाशी. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत फुकट होते, तेव्हा बाळंतपण झालं त्या दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत लगेच विचारा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा.

पुढचं मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीपासून फोलिक ॲसिडची गोळी सुरू करा, उपकेंद्रात विचारा. ही गोळी बाळाच्या पाठीच्या कण्यातले दोष टाळायला मदत करते, आणि ती कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. तेवढ्यात पाळी चुकल्याचंही पुष्कळ बायांच्या ध्यानात आलेलं नसतं.